अप्पर लागत नव्हता आणि मी डोळे तपासून घेत होते

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गळीत हंगाम तोंडावर आला आहे. दिवाळी झाली की सांगली जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या सुरू होतील. त्याआधी गाड्यांच्या हेडलाइटबद्दलचं हे पत्र छापून यावं, एवढ्यासाठी घाईने लिहिते आहे. पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे, पण जे झालं ते नीट सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कोणाला पटणार नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. वय ६३, राहायला विश्रामबागला. आमच्याकडे २००६ साली घेतलेली पेट्रोलवरची छोटी गाडी आहे. २०२१ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली, तेव्हा रीतसर पाच वर्षांसाठी नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलं. हे गेल्यापासून गाडी मीच चालवते. महिन्यातून दोन-तीनदा विट्याला आईकडे जाणं होतं. आई ८६ वर्षांची आहे. तिचं जेवण आणि रात्रीची गोळी झाल्याशिवाय माझा पाय निघत नाही, त्यामुळे परतीला रात्र ठरलेलीच.

गेल्या जानेवारीत अशीच परत येत होते. तासगाव मागे टाकलं आणि कवठेएकंदच्या अलीकडे समोरून एक गाडी अप्पर, म्हणजे लांब जाणारा वरचा झोत, लावून आली. ती गेल्यावर डोळ्यांपुढे नुसता काळोख. मी अप्पर टाकला. मीटरजवळचा निळा दिवा लागला, पण रस्त्यावर काहीच फरक पडला नाही. डावीकडे फिकट पिवळा उजेड, उजवीकडे तोही नाही. पुन्हा दांडी मागे-पुढे केली. तेवढ्यात काचेसमोर ऊस आला. दुसरा शब्द नाही, ऊसच आला. टायर बसल्यामुळे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर निम्मा रस्त्यावर उभा होता. मागे ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर, फक्त दोन दगड ठेवलेले. मी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. समोरून त्या क्षणी कोणी नव्हतं म्हणून मी आज लिहिते आहे. बाहेर आलेल्या मोळीची टोकं डाव्या आरशाला घासत गेली, तो खरखर आवाज अजून कानात आहे. पुढे जाऊन गाडी थांबवली तेव्हा हात थरथरत होते आणि गाडीत कापलेल्या उसाचा ओला वास भरला होता.

ट्रॅक्टरवाला पोरगा धावत आला. म्हणाला, "बाई, एवढी ट्रॉली दिसली नाही का तुम्हाला?" मला त्याचा राग आला होता, पण घरी येईपर्यंत तोच प्रश्न मनात राहिला. खरंच का दिसली नाही?

मी सगळा दोष डोळ्यांना दिला. आमच्या वयात दुसरं काही सुचतच नाही. चष्म्याचा नंबर बदलून घेतला, रात्रीच्या ड्रायव्हिंगची म्हणून विकतात ती पिवळी काचही घेतली. काही उपयोग झाला नाही. शेवटी मिरजेत डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थेंब घालून तपासलं. मोतीबिंदूची सुरुवात आहे, पण एवढ्याने गाडी चालवायला अडचण यायला नको, असं म्हणाले. मग त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, "दुसऱ्या कोणाच्या गाडीत बसल्यावरही रस्ता असाच दिसतो का?" मला उत्तर द्यायला वेळ लागला. डिसेंबरमध्ये भाच्याच्या गाडीत शेजारी बसून याच रस्त्याने आले होते आणि साइडपट्टीवरचे दगडसुद्धा दिसत होते. म्हणजे दोष माझ्या गाडीत होता. मी इतके महिने भलत्याच ठिकाणी शोधत होते.

इथपर्यंतचं माझं. पुढची चूकही माझीच, आणि तिच्यासाठी मला जास्त वाईट वाटतं.

सांगलीत एका ॲक्सेसरीजच्या दुकानात गेले. अप्पर नीट लागत नाही म्हटल्यावर काउंटरवरच्या मुलाने बॉनेट उघडायच्या आधीच सांगितलं, "जुन्या वायरिंगला हात नको लावायला मॅडम. पांढरे एलईडी टाकू, दिवस उगवेल." अठराशे रुपये घेतले, अर्ध्या तासात बसवून दिले. त्या रात्री उजेड खरंच भरपूर दिसला. झाडांचे शेंडे दिसले, लाइटच्या तारा दिसल्या, दुकानांच्या पाट्या आणि वरचे मजले दिसले. मला वाटलं, काम झालं. समोरून येणारे लोक डिप्पर मारत होते, तर मी आपली दांडी तपासून बघायची, माझा तर डिप्परच, म्हणजे खालचा झोत आहे, मग हे का रागावतात?

चौथ्या की पाचव्या दिवशी माझा एक जुना विद्यार्थी बुधगावच्या बाजारात भेटला. चौथीत माझ्या वर्गात होता, आता त्याला दोन वर्षांची मुलगी आहे. तो म्हणाला, "बाई, परवा रात्री माधवनगरच्या अलीकडे तुमची गाडी होती का? मी मोटरसायकलवर होतो, पोरगी टाकीवर पुढे बसलेली. काहीच दिसलं नाही बघा. पाय टेकून उभाच राहिलो." तक्रार करायचा त्याचा हेतू नव्हता, बाईंना सांगावं म्हणून सांगत होता. मला मात्र तिथे उभं राहवेना. जानेवारीत ज्या काळोखातून मी वाचले होते, तोच मी आता त्या मुलीच्या डोळ्यांपुढे आणून ठेवला होता.

ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सतरा मीटर जाते. डोळे दिपल्यावर पुन्हा नीट दिसायला तीन सेकंद लागले, तर पन्नास मीटर रस्ता आंधळेपणाने कापला जातो. वय वाढलं की हे सेकंद वाढतात आणि मोतीबिंदू असेल तर समोरचा उजेड डोळ्यांतच पसरतो. मी पाचवीला वेग, वेळ आणि अंतराची गणितं वीस वर्षं शिकवली, पण हे गणित फळ्यावर कधी मांडलं नाही.

त्या विद्यार्थ्यानेच मिरजेतल्या एका वायरमनचा पत्ता दिला. एस. टी. स्टँडच्या मागच्या गल्लीत पत्र्याचं छोटं दुकान, सगळे त्यांना चाचा म्हणतात. चाचांनी आधी एलईडी काढून माझ्या हातात ठेवले आणि जुना बल्ब शेजारी धरून दाखवला. हे मी जन्मात पहिल्यांदा बघितलं, म्हणून जसं दिसलं तसं सांगते. आपल्या जुन्या गाड्यांत जो तीन पिनांचा एच-फोर बल्ब असतो, त्याच्या आत दोन तारा असतात. एक डिप्परची, ५५ वॅटची. दुसरी अप्परची, ६० वॅटची. डिप्परच्या तारेखाली नखाएवढी पत्र्याची वाटी असते. त्या वाटीमुळे उजेड रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या निम्म्या भागावर पडतो आणि तिथून खाली, रस्त्यावर येतो. अप्परच्या तारेखाली वाटी नसते, तिचा उजेड सगळ्या रिफ्लेक्टरवरून लांब जातो. एवढीशी वाटी, पण समोरच्या माणसाचे डोळे तीच सांभाळते. रिफ्लेक्टरचा बाक त्या तारेची जागा धरूनच दिलेला असतो. एलईडीच्या काडीवर चिप असतात दोन्ही अंगांना, त्यांची जागा त्या तारेशी नेमकी जुळत नाही. मग उजेड कुठेही उडतो, डिप्पर असला तरी समोरच्याच्या तोंडावर. "ताई, बल्ब वाईट नाही, घर दुसऱ्याचं आहे," असं चाचा म्हणाले.

मग त्यांनी माझे साधे ६०/५५चे बल्ब परत लावले, इंजिन सुरू ठेवून अप्पर टाकायला लावला आणि मीटर लावला. बॅटरीवर १३.८ व्होल्ट. डाव्या हेडलाइटच्या होल्डरवर ११.४. उजवीकडे शून्य. म्हणजे बॅटरीतून निघालेले २.४ व्होल्ट वाटेतच कुठेतरी जिरत होते. मला वाटलं, दोन-अडीच व्होल्टने काय होतं? पण बल्बचा हिशेब सरळ नसतो. व्होल्टेज दहा टक्के पडलं तर उजेड दहा टक्के नाही, तीस टक्के पडतो. माझ्या डाव्या दिव्याचा उजेड निम्म्यावर आला होता. शेताच्या पाटाला मधे चार ठिकाणी फुटी असल्या की शेवटच्या वाफ्याला ओल पोचत नाही, तसं. मोटार बदलून काय होणार? फुटी बुजवाव्या लागतात.

या फुटी कुठे होत्या, ते चाचांनी एकेक करून दाखवलं. बॅटरीच्या ट्रेखाली, बॉडीला अर्थिंगची वायर जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे हिरवट-पांढरी पूड धरली होती. बोटाने खरवडली तर पापुद्रे निघाले, खाली गंज. उजव्या होल्डरचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं आणि एक पिन आतल्या आत सरकली होती, म्हणून तिकडे शून्य. आणि तिसरी जागा स्टिअरिंगखालची, आपण जी दांडी अप्पर-डिप्परसाठी हलवतो तिच्या आत. तांब्याचा एवढासा पत्रा, मसुराच्या डाळीएवढा, त्यावर जळून काळा खड्डा पडलेला. चाचांनी तो भिंगाखाली धरला आणि विचारलं, "कधी शंभरचे बल्ब लावले होते का?"

लावले होते. दहा-बारा वर्षांपूर्वी कोणीतरी यांना सांगितलं होतं, १००/९०चे टाका, लख्ख पडेल. ते बल्ब बाजारात सहज मिळतात, आजही मिळतात. साठ वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर पाच अँपिअर ओढतो, दोन्ही मिळून दहा. शंभरचे दोन मिळून जवळजवळ सतरा. हा सगळा करंट त्या डाळीएवढ्या पत्र्यातून जात होता, बारीक वायरमधून जात होता. काही वर्षं लख्ख पडलं असेल. तेवढ्यात होल्डर करपला, स्विच करपला, आणि नंतर साधे बल्ब परत लावले तरी नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं. आम्हाला ते कळलं नाही, कारण उजेड एका रात्रीत गेला नाही. दरवर्षी थोडा थोडा गेला आणि डोळे त्याला सरावत गेले.

दुरुस्तीला एक दुपार गेली. अर्थिंगचा बोल्ट काढून बॉडीचा पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासला, नवी वायर आवळली, वरून ग्रीस लावलं. दोन्ही बाजूंना सिरॅमिकचे होल्डर टाकले, ते वितळत नाहीत. आणि दोन रिले बसवले, एक अप्परला, एक डिप्परला. रिलेचं काम मला आवडलं. बल्बचा करंट आता बॅटरीवरून फ्यूजमधून, जाड वायरने थेट हेडलाइटला जातो. स्टिअरिंगजवळचा स्विच फक्त रिलेला इशारा देतो, त्याच्यातून नावाला करंट जातो, त्यामुळे तो जळायचा प्रश्न राहत नाही. रिलेच्या खाली ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे कोरलेले असतात. तिसावर बॅटरी, सत्त्याऐंशीवर बल्ब, उरलेल्या दोहोंवर स्विच आणि अर्थिंग. चाचांचा नातू, दहावीतला, हे पाढ्यासारखं म्हणत वायरी जोडत होता. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज टाकायला मात्र त्याने विसरू नये, म्हणून चाचा दोनदा ओरडले. फ्यूजशिवाय जाड वायर कुठे घासली तर गाडी पेटते.

बल्ब नवे घेतले, तेच ६०/५५चे. चाचांनी ते कागदात धरून बसवले. हॅलोजनच्या काचेला बोट लागू द्यायचं नाही. बोटाचं तेल राहिलं की काच तेवढ्याच जागी तापते आणि बल्ब लवकर जातो.

सगळं झाल्यावर परत मीटर लावला, दोन्हीकडे १३.४. एकूण खर्च २,६५० रुपये. एलईडीचे अठराशे त्याआधी पाण्यात गेले होते ते वेगळे.

डोम, म्हणजे हेडलाइटचं पुढचं आवरण, पिवळा पडतो त्याचंही सांगते, कारण ते बऱ्याच जणांना घरी करता येईल. पूर्वीच्या गाड्यांना खरी काच असायची, ती पिवळी पडत नसे. आता डोम प्लास्टिकचा, पॉलिकार्बोनेटचा. उन्हाने त्यावरचा थर जातो आणि तो धुरकट पिवळा होतो. आतला बल्ब कितीही चांगला असला तरी उजेड तिथेच अडतो आणि आडवा फुटतो. चाचांनी आठशे, हजार आणि मग दोन हजार नंबरचा वॉटर पेपर पाणी मारत मारत चालवला, शेवटी पॉलिशच्या कंपाउंडने घासलं. पाणी दुधासारखं पिवळट निघत होतं. टूथपेस्टने घासायचं लोक सांगतात, त्याने चार दिवस चमक येते. घासल्यावर वरून संरक्षक थर दिला नाही तर पेपरचंही काम वर्षभरात वाया जातं, हे लक्षात ठेवावं.

शेवटचं काम फोकस सेट करायचं, आणि या एका कामासाठी मी हे पत्र लिहायला बसले असं म्हटलं तरी चालेल. चाचा म्हणाले, दुकानासमोर जागा सपाट नाही, घरी करा, अवघड नाही. भाच्याला बोलावलं. आमच्या कंपाउंडच्या भिंतीसमोर पंचवीस फुटांवर, म्हणजे साडेसात मीटरवर, गाडी सरळ उभी केली. टायरमध्ये हवा बरोबर, ड्रायव्हरच्या जागेवर मी बसलेली. भाच्याने जमिनीपासून हेडलाइटच्या मध्यापर्यंतची उंची मोजली आणि भिंतीवर तेवढ्याच उंचीला खडूने आडवी रेघ मारली. त्याखाली साडेसात सेंटिमीटरवर दुसरी रेघ. दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार, या हिशेबाने. डिप्परच्या उजेडाची वरची कड या दुसऱ्या रेघेवर यायला हवी. आपण डावीकडून चालतो, म्हणून डाव्या अंगाला ती कड थोडी वर चढते, म्हणजे साइडपट्टीवरचा माणूस, सायकलवाला दिसतो. उजवीकडे ती सपाटच हवी, कारण तिकडे समोरच्याचे डोळे असतात. माझ्या उजव्या दिव्याची कड पहिल्या रेघेच्याही हातभर वर होती! डोमच्या मागे स्क्रू असतात, एक वर-खाली करायला, एक डावी-उजवीकडे. पाव पाव आटा फिरवत बरोबर वीस मिनिटं लागली.

कायदा याबद्दल गप्प नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ क्रमांकाचा नियम सांगतो की पुढच्या दिव्याचा झोत खाली वळवलेला असला पाहिजे, नाहीतर चालवणाऱ्याला तो तसा वळवता आला पाहिजे. इतका की दिव्यापासून आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत त्याला तो दिपवणार नाही. दीड मीटर म्हणजे जवळजवळ माझ्याच डोळ्यांची उंची. लहानपणी ट्रकच्या हेडलाइटवर काळा ठिपका दिलेला असायचा, मागे डिपर वापरायची विनंती रंगवलेली असायची. ती विनंती अजून रंगवतात, पण ती वाचून दांडी खाली करणारे हात कमी झाले आहेत, आणि दांडी खाली केली तरी झोत खाली जाईल अशी गाडीची अवस्था राहिलेली नाही.

मध्यंतरी ज्याच्या त्याच्या तोंडी एकच ऐकते, जुन्या गाड्या रस्त्यावरून काढून टाका. भाचाही मला तेच सांगतो. मला हे पटत नाही. नवी गाडी घ्यायची ऐपत सगळ्यांची नाही. द्राक्षबागेवर जाणारा, बेदाण्याच्या शेडवर रात्री थांबणारा, आईला दवाखान्यात नेणारा माणूस पंधरा-वीस वर्षांची गाडीच चालवणार. ती गाडी नीट राखता येते, आणि राखण्याचा खर्च एका मोबाइलपेक्षा कमी आहे. पण त्याला सांगणारं कोणी हवं. दुकानदार बल्ब विकतो, तपासणारा लाइट लागतो एवढंच बघतो, आणि गाडीवाल्याला आतल्या आत किती उजेड गेला ते कळतच नाही.

म्हणून माझ्या दोन सूचना आहेत. जिल्हा प्रशासनाने, परिवहन खात्याने आणि साखर कारखान्यांनी त्यांचा विचार करावा.

माझ्यासारख्या जुन्या गाडीला दर सहा महिन्यांनी पीयूसी काढावीच लागते. त्या वेळी धूर तपासला जातो, दिवे नाही. पीयूसी केंद्रासमोर बहुतेक ठिकाणी सपाट जागा आणि एक भिंत असते. त्या भिंतीवर दोन रेघा मारून, स्क्रू ड्रायव्हर घेऊन पाच मिनिटांत फोकस बघता येईल. कोणाला दंड करायची गरज नाही. हवं तर वीस-तीस रुपये घ्यावेत, लोक आनंदाने देतील. जिथे भिंत नाही तिथे ताडपत्री टांगावी.

दुसरी सूचना कारखान्यांना. गळीत सुरू होताना ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची नोंद होतेच, गाडीवानांनाही करार करून आणलं जातं. त्याच दिवशी प्रत्येक ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावूनच तिला बाहेर सोडावं. बैलांचे डोळे समोरून चमकतात, मागून मात्र गाडी म्हणजे काळा ढीग. ट्रॉली बंद पडली की दगड ठेवतात, त्याऐवजी घडीचा लाल त्रिकोण ट्रॅक्टरच्या पेटीत असावा. ऊस ट्रॉलीच्या बाहेर किती काढायचा तेही बघावं. माझा आरसा त्या टोकांनीच खरवडला आहे. तो मी बदललेला नाही.

विट्याचं जाणं-येणं चालू आहे. परवाच रात्री त्याच रस्त्याने आले. कवठेएकंदच्या अलीकडे समोरून मोटरसायकल आली, मी दांडी खाली केली, उजेड खाली उतरला, तो माणूस सरळ निघून गेला. पुढे वळणावर अप्पर टाकला तर बाभळीखाली उभी असलेली म्हैस आणि तिच्या पाठीवरचा बगळा लांबूनच दिसला.

भिंतीवरच्या खडूच्या रेघा पावसाने गेल्या होत्या, त्या मी गेल्या रविवारी ऑइल पेंटने परत मारल्या. गल्लीतल्या सहा गाड्या आणि एक रिक्षा तपासून झाली. सातांपैकी पाच वाहनांचे झोत रेघेच्या वर होते. दोन गाड्यांत अर्थिंग गंजलेलं निघालं, त्या मिरजेला पाठवल्या. दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी सात ते आठ मी घरी असते. शेजारपाजारच्या कॉलनीतल्या कोणाला यायचं असेल तर टायरमध्ये हवा भरून यावं, म्हणजे माप चुकत नाही.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षिका,
विश्रामबाग, सांगली